उरलेला एक टक्का

दिगू, तुझ्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काल काढली. एकट्याने. हे आधी सांगतो, कारण मी दुसरं काहीही सांगायला घेतलं असतं तरी तू मध्येच तोडून विचारलं असतंस, "ता असांदे, ब्रेकाचा काय झाला?"

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभेला तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले. मनमिळाऊ, हसतमुख, मदतीला धावणारा. खोटं कोणीच बोललं नाही. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. मला जे आठवत होतं त्यात दहा नंबरचा पाना होता, रबरी नळी होती, आणि तेलाने माखलेला तुझा जुना बनियन होता. हॉलमध्ये पांढरे कपडे घालून बसलेल्या माणसांना ते काय सांगणार? म्हणून इथे लिहितो.

आपल्या दोन गाड्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी, एकमेकींना चिकटून उभ्या. तुझी निळी, माझी राखाडी. आपण दोघे शेजारी होतोच, पण मित्र झालो ते ब्रेकमुळे, असं मी म्हटलं की तू म्हणायचास, "लोकांची मैत्री दारूवेर होता, आमची ब्रेक ऑईलवेर." माझ्या गाडीचं पेडल मऊ लागत होतं, मी एका गॅरेजवाल्याकडे निघालो होतो आणि तू फाटकात आडवा आलास. "त्याच्याकडे कित्याक जातंस? काम झाल्यावर तो तुझ्या बाजूक बसतलो काय?"

तेव्हा मला हा प्रश्न विनोदी वाटला होता.

नीताला, म्हणजे माझ्या बायकोला, तू हे काम एकदा समजावून दिलं होतंस. ती चहा घेऊन खाली आली होती आणि दोन बाप्ये रविवारची सकाळ कशात घालवतात ते तिला कळत नव्हतं. तू म्हणालास, ब्रेकच्या नळीत तेल असतं. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर सरळ चाकापर्यंत पोचतो. नळीत हवा शिरली की ती दबते, आणि पायाचा जोर तिथेच जिरतो. मग तुला वाटलं की हे पुरेसं नाही. "वैनी, समजा तुम्ही ह्याच्यावर ओरडताय, आणि मध्ये कोणी गादी धरली. ह्याच्यापर्यंत काय पोचतला?"

"गादी नसली तरी काही पोचत नाही," नीता म्हणाली आणि कप ठेवून वर गेली.

तू त्यानंतर पाच मिनिटं हसत होतास आणि मी पाना हातात धरून थांबलो होतो.

काम खरंच दोघांचं आहे. एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि तसंच धरून ठेवायचं. दुसऱ्याने चाकामागचं निपल, म्हणजे तेल सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, पाव आटा उघडायचं; बुडबुड्यांसकट तेल नळीतून बाहेर येतं; निपल बंद करायचं; आणि मगच आतल्याने पाय सोडायचा. आधी सोडला तर पेडल वर येताना बाहेरची हवा आत ओढून घेतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. चार चाकं, प्रत्येकाला दहा-बारा वेळा. कंटाळवाणं, पण अवघड नाही. फक्त आतल्या माणसाने बाहेरच्या माणसाचं ऐकायचं असतं.

आणि तू कोणाचंही ऐकायचास, पण मासेवालीच्या हाकेपुढे नाही.

तो दिवस तुला कधी विसरता आला नाही, मी विसरू दिला नाही. मी मागच्या डाव्या चाकाशी गोणपाटावर आडवा, निपल उघडं, नळीत छान स्वच्छ तेल येतंय, आणि फाटकाशी कोळणीची हाक आली. मला तुझा आवाज ऐकू आला, "बांगडो इलो रे!" आणि तुझे दोन्ही पाय गाडीच्या बाहेर. नळीने घटाघट हवा प्यायली. तीन चाकांचं झालेलं काम बाजूला राहिलं, कारण बोनेटखालची तेलाची डबीही तेवढ्यात खालच्या रेषेखाली गेली होती आणि तिथूनही हवा शिरली. मी तसाच पडून शंभरपर्यंत आकडे मोजायला लागलो. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

कोळीण टोपली उतरवत म्हणाली, "अरं दादा, त्यो खाली झोपलाय त्याला काय झालंय?"

"काय नाय गो. तो मोजता."

"मंग बांगडं पन त्यालाच मोजू दे. तू लई वडाताण करतोस."

ते बांगडे तू आमच्या घरी पाठवलेस, सगळे; अर्धे तळून. अर्ध्यांचं तिरफळं घातलेलं तिखलं, झणझणीत कालवण, वेगळं वाटीत. नीताने मला विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, दंड आहे, जेव.

त्या दिवसापासून आपला नियम ठरला. मी म्हणणार "दाब", तू म्हणणार "दाबला". मी म्हणणार "सोड", तू म्हणणार "सोडला". तोंडाने परत बोलल्याशिवाय पायाने काही करायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या लोकांना वाटायचं की आपण कवायत करतो. तू सुरुवातीला चेष्टेने लष्करी आवाज काढायचास, मग कंटाळून साध्या आवाजात, आणि शेवटी शेवटी तर झोपेतल्यासारखा, पण चुकला नाहीस. एकदाही नाही.

दुसरा नियम मात्र पहिल्याच दिवशी झाला होता आणि तो तुझा होता.

काम संपलं होतं. मी पट्टी घेऊन पेडल किती खाली जातं ते मिलिमीटरमध्ये मोजलं. (त्यावरून तू मला "पट्टी" म्हणायला लागलास ते शेवटपर्यंत. हॉस्पिटलातही नर्सला सांगितलंस, "हो पट्टी इलो, आता सलाइनचे थेंब मोजतलो." मी खरंच मोजत होतो.) तू पायाने बघितलंस. तुझी मापं वेगळी. पेडल बिघडलेलं असलं की "गुरगुट्या भातासारखा", जमलं की "सुक्या खोबऱ्यासारखा". त्या दिवशी खोबरं लागलं. तू माझ्याच गाडीची चावी फिरवलीस आणि विचारलंस, "ब्रेक लागतीत मां?"

मी म्हटलं, "नव्याण्णव टक्के."

"आणि उरलेलो एक टक्को?"

"शंभर कधीच म्हणता येत नाही रे. तेलात कुठेतरी एखादा बुडबुडा राहू शकतो."

तू शेजारचं दार आतून उघडलंस. "मगे त्या एक टक्क्यासाठी तू माझ्या बाजूक बस."

मी बसलो. आपल्या गल्लीचा उतार तुला माहीत आहे, डोंगरावरून जी येते ती थेट मोठ्या रस्त्यावर, खाली रिक्षांची रांग आणि शाळेचं फाटक. तू सावकाश सोडलीस, ट्रान्सफॉर्मरच्या पेटीशी ब्रेक लावलास, थांबली. पुन्हा पिठाच्या गिरणीसमोर, जरा वेगात, थांबली. तेवढ्या अंतरात माझा उजवा पाय पायपुसण्यावर असा रुतला होता की तू खाली बघून म्हणालास, "थय ब्रेक नाय रे, पट्टी."

तिथून नियम झाला. ज्याने पाना फिरवला त्याने पहिल्या फेरीत शेजारी बसायचं. गाडी तुझी असो की माझी. आपण चांगली नऊ-दहा वर्षं हा नियम पाळला आणि प्रत्येक वेळी तू विचारलंस, प्रत्येक वेळी मी नव्याण्णव म्हटलं. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करणारा माणूस, एका बोल्टचा फरक आला तर घरी जात नाही, पण हा आकडा मी कुठल्या हिशेबातून काढला ते तू मला कधी विचारलं नाहीस. बरं झालं. तो नुसता अंदाज होता. तू बाजूला बसवायला लागल्यावर मी निपल एकदा जास्त तपासायला लागलो, एवढं मात्र खरं. तुला हेच हवं होतं हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता त्या बाटलीचं.

गेल्या वर्षी मी मुलाकडे पुण्याला जाऊन बराच राहिलो आणि तेव्हा तुझं पेडल मऊ झालं. मी आलो तर माझ्या दाराबाहेर चपलांच्या कपाटावर एक पाण्याची बाटली. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने पाडलेली दोन भोकं, एकातून माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक नळी थेट तळापर्यंत, गळ्याला लटकवायला तारेचा आकडा. तू दुपारची झोप मोडून दाखवायला आलास. नळीचं एक टोक निपलला, दुसरं बाटलीतल्या तेलात बुडालेलं. निपल उघडं ठेवायचं, आत जाऊन सावकाश पेडल मारायचं. पेडल वर येताना ओढेल ते तेलच ओढेल, हवा नाही. दुसऱ्या माणसाची गरज नाही.

मी म्हटलं, "निपलच्या आट्यांमधून हवा ओढली जाते त्याचं काय?"

"भायरसून ग्रीस लाव."

"आणि तू आत असताना इकडे डबी रिकामी झाली तर?"

"मगे मधी मधी उठून बघ. पाय नाय तुका?"

"ब्रेकचं काम एकट्याने करायचं नाही, दिगू. कोणीतरी पलीकडे असावं लागतं."

"आणि नसला तर? तू पुण्याक जाऊन बसतंस, मी काय करू? गाडी अशीच ठेवू?"

तू ती बाटली तुझ्यासाठी केली होतीस. मी नसेन तेव्हासाठी. आपण त्यावर जवळजवळ वर्षभर भांडलो, जिन्यात, फाटकात, एकदा तर भर लग्नात जेवणाच्या रांगेत. ती तू माझ्याकडेच ठेवलीस, "पट्टी, तपासून सांग" म्हणून. मी तपासली नाही. गॅलरीत खिळ्याला लटकवली. मग तुझी तब्येत बिघडली आणि तो विषय तिथेच राहिला. हॉस्पिटलात एकदा तू म्हणालास, "बाटली वापरलंस?" मी म्हटलं, "तू घरी ये, दोघे मिळून वापरू." तू म्हणालास, "दोघांनी वापरूची तर बाटली कित्याक केलंय मेल्या?" आणि खोकला आला, आणि बोलणं दुसरीकडे गेलं.

तुझं तेरावं झाल्यावर दोन-तीन दिवसांनी सुनंदावहिनींनी मला बोलावलं. मला वाटलं, गाडी विकायला गिऱ्हाईक बघा म्हणतील. मी मनात किंमत ठरवूनच गेलो होतो. त्यांनी चावी टेबलावर ठेवली.

"भाऊजी, गाडी मी चालवणार."

मी चावीला हात लावला नाही. त्यांना ते आवडलं नाही.

"माझ्या बाबांना आठवड्यातून दोनदा मुलुंडला व्यायामासाठी न्यायचं असतं. हे न्यायचे. रिक्षावाले चढावर यायला तयार होत नाहीत, आणि आले तर बाबांना रिक्षात चढता येत नाही. माझ्याकडे लायसन्स आहे."

लायसन्स आहे हे मला माहीत होतं. तू त्यांना पवईला तलावाच्या रस्त्यावर शिकवायला न्यायचास तेही माहीत होतं, आणि तिसऱ्या रविवारी त्या रिक्षाने एकट्या परत आल्या होत्या हेही. तू इतका ओरडलास. मी तुला म्हटलं होतं, दहा वर्षं मी तुझ्या शेजारी तोंड बंद ठेवून बसतो, तुला बायकोशेजारी बसता येत नाही? तू म्हणालास, "माझ्या गाडीत तुझा काय जाता?" ते भांडणही पुरं झालं नाही.

"तुम्हाला नको वाटत असेल तर मी गॅरेजवाल्याला बोलावते," वहिनी म्हणाल्या. "पण गाडी तीन महिने उभी आहे. ब्रेक खाली जातोय. मी दाबून बघितला."

"कसा लागतो?"

त्यांनी थोडा विचार केला. "गुरगुट्या भातासारखा."

मी चावी घेतली.

मागच्या डाव्या चाकाचं छोटं सिलिंडर पाझरत होतं. ड्रमच्या आत सगळं ओलं. नवीन आणून बसवलं, तेवढं एकट्याचंच काम. पण नळी सुटली म्हणजे हवा शिरली, आणि आता ती काढणं आलं. नीता म्हणाली, मी बसते दाबायला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पुरतं वर्ष झालेलं नाही. चाळीस-पन्नास वेळा पेडल दाबायला मी तिला बसवणार नाही. वॉचमनला हाक मारता आली असती. मारली नाही. गॅलरीत गेलो आणि खिळ्यावरची बाटली काढली.

तुला तपशील हवा असेल.

गाडी सपाटीला घेतली, पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागून उचलून स्टँडवर ठेवली. डबीतलं काळं पडलेलं तेल काढून ताजं भरलं. तेल अंगावर सांडलं तर रंग खातं म्हणून बोनेटवर तुझा तो बनियन पसरला. वहिनींनी तो फडक्यांत टाकला होता, मी काढून घेतला. निपलच्या आट्यांना बाहेरून ग्रीस लावलं, तू सांगितलं होतंस तसं, जाडसर. बाटलीत चार बोटं तेल, नळीचं टोक त्यात बुडालेलं, बाटली निपलपेक्षा वर लटकवलेली. डबीपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. मग आत जाऊन बसलो.

आणि तिथे अडलं. पेडल माझ्या पायाखाली आणि नळी गाडीच्या मागे. दाबताना बुडबुडे येतात की नाही ते मला दिसेना. उतरून मागे जाईपर्यंत तेल थांबलेलं, बुडबुडा गेला की राहिला कोण सांगणार? आपल्या कामात अर्धं तुला कळायचं आणि अर्धं मला. तुला पायाने, मला डोळ्याने. दोन्ही एका माणसाला एकाच वेळी कळत नाही, ही बाटलीतली खोट मी वर्षभर शोधत होतो आणि ती बाटलीत नव्हतीच, एकट्या माणसात होती.

शेवटी मोबाइल विटेला टेकवून नळीसमोर ठेवला आणि व्हिडिओ चालू केला. पाच-सहा वेळा सावकाश पेडल मारायचं, उतरायचं, डबीत तेल बघायचं, भरायचं, मग व्हिडिओ बघायचा. पहिल्या खेपेला नळीत नुसता फेस. दुसऱ्या खेपेला मोठे बुडबुडे. तिसऱ्या खेपेला बारीक, मोहरीएवढे. मी चष्मा लावून, उन्हाला पाठ करून बघत होतो, तेव्हा लक्षात आलं की व्हिडिओत कोणीतरी बोलतंय.

"दाब. दाबला. सोड. सोडला. दाब. दाबला."

माझाच आवाज होता. दोन्ही बाजू मीच बोलत होतो. गाडीत बसल्यावर तोंडातून आपोआप येत होतं आणि मला कळलंही नव्हतं.

तेवढ्यात वरून नीताने खिडकीतून विचारलं, "अहो, कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही. ब्रेक."

तिने खिडकीचं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "चहा पाठवू का? एकच ना?" आणि लगेच खिडकीतून आत गेली.

मी तो व्हिडिओ पुसणार होतो. अजून पुसलेला नाही.

चारही चाकं झाली तेव्हा ऊन टाकीवर आलं होतं. शेवटच्या खेपांना नळीत नुसतं मधासारखं तेल, एकही बुडबुडा नाही. पुन्हा चारही निपल पान्याने तपासली, प्रत्येक ठिकाणी कोरडं फडकं फिरवून बघितलं की पाझरत नाही ना. पट्टीने पेडल मोजलं. आपल्या आधीच्या मापापेक्षा दोन मिलिमीटरने कमी जात होतं, म्हणजे चांगलं. इंजिन चालू करून पाहिलं, जेवढं खाली जायला हवं तेवढंच गेलं. मग पट्टी खिशात ठेवली, डोळे मिटले आणि तुझ्यासारखं पायाने बघितलं.

खोबरं.

म्हणजे भांडण तू जिंकलास, दिगू. एकट्याने होतं. जास्त वेळ लागतो, सतरा वेळा उठावं लागतं, कंबर धरते, पण होतं. हे मी तुला हॉस्पिटलात सांगितलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. मला तेव्हा ते माहीत नव्हतं आणि माहीत नसलेली गोष्ट मी बोलत नाही, तुला ठाऊक आहे.

हात धुऊन येतो तर वहिनी गाडीपाशी उभ्या. साडीऐवजी सलवार कमीज, पायात सपाट चपला. बहुतेक गॅलरीतून बघत होत्या.

"झालं?"

"झालं. आधी मी एक फेरी मारून आणतो, मग तुम्ही—"

"तुम्ही कशाला? पाना तुम्ही फिरवलात ना?"

मी बाजूला झालो. त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. तुझ्या लांब पायांसाठी ती सीट पार मागे गेलेली. त्यांनी खालची दांडी ओढली आणि खटाखट पुढे घेतली. आरसा वाकवला. चावी लावली आणि समोर बघतच विचारलं, "ब्रेक लागतील ना?"

हा प्रश्न मला पहिल्यांदाच तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणी विचारला होता. एवढी वर्षं जो आकडा तोंडातून पटकन यायचा तो येईना. खाली शाळेचं फाटक आहे. शेजारी बसवायला तू नाहीस, शेजारी बसणारा मी आहे, पण चालवणाऱ्या त्या आहेत आणि त्यांचे वडील घरी वाट बघताहेत. मी पुन्हा एकदा मनात चारही चाकांशी जाऊन आलो. निपल, ग्रीस, फडकं, डबीचं झाकण.

"नव्याण्णव टक्के," मी म्हटलं.

वहिनींनी हात लांब करून शेजारचं दार आतून उघडलं. "मग बसा बाजूला."

गाडी फाटकातून बाहेर पडताना एकदा बंद पडली. त्यांनी जीभ चावली. मी काही बोललो नाही. तुझ्या दहा वर्षांच्या शिकवणीचा एवढा तरी उपयोग. पुन्हा चालू केली, उताराला लागली. एका रिक्षावाल्याने मागून भोंगा वाजवला आणि वहिनी आरशात बघून म्हणाल्या, "थांब रे बाबा, घाई असेल तर उडून जा." ट्रान्सफॉर्मरच्या पेटीशी त्यांनी ब्रेक लावला. जरा जास्तच जोरात. दोघेही पुढे झुकलो. गाडी जागच्या जागी थांबली.

"लागला," त्या म्हणाल्या.

"लागला."

पिठाच्या गिरणीसमोर पुन्हा, आता हलक्या पायाने. गिरणीवाला पिठाने माखलेला हात वर करून बघत राहिला. निळी गाडी आणि चालवणारं दुसरं कोणी. त्याने हात तसाच कपाळाला नेला. वहिनींनी मान हलवली. मग खाली माझ्या पायांकडे बघितलं.

"भाऊजी, तिथे ब्रेक नाही."

माझा पाय पायपुसण्यात रुतलेला होता. हे त्यांना तू सांगितलं होतंस. म्हणजे घरी जाऊन तू माझी टवाळी करायचास आणि त्या ऐकायच्या. टक्के, पट्टी, पाय, सगळं त्यांना पाठ. मला वाटत होतं की हे आपल्या दोघांतच राहिलं होतं आणि आता ते एकट्या माझ्याकडे उरलंय. तसं नव्हतं, दिगू. हे कळल्यावर मला जे वाटलं ते मला नीट मांडता येत नाही. ओझं उचलायला दुसरा हात लागावा तसं काहीतरी.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी वळून आम्ही परत वर आलो. फाटकाशी त्या थांबल्या. आपल्या नियमाप्रमाणे पहिल्या फेरीनंतर शेजारच्याने उतरायचं. मी उतरलो. त्यांना म्हटलं, बाबांना आणायच्या आधी अजून एक फेरी एकट्याने मारा, मी इथेच आहे.

"ओरडणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"मी कधी ओरडलो?"

"तुम्ही नाही हो," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरले. पुसले नाहीत. गिअर टाकला.

मी फाटकाशी उभा राहून बघत होतो. एवढ्या वर्षांत आपल्या दोन्ही गाड्यांच्या प्रत्येक पहिल्या फेरीत मी आत, शेजारी बसलो होतो. काम झाल्यावर गाडी उताराला लागते तेव्हा मागून कशी दिसते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. निळी गाडी छोटी होत गेली. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीशी मागचे दोन लाल दिवे लागले आणि गाडी थांबली. पुन्हा निघाली. गिरणीसमोर दिवे लागले, थांबली. मग खाली, शाळेच्या फाटकाशी, जिथे तू नेहमी हळू करायचास तिथे, एक पोर रस्ता ओलांडत होतं. दिवे लागले. गाडी थांबून राहिली. पोर पलीकडे गेलं तरी क्षणभर थांबून राहिली, आणि मग सावकाश वळली.

तू विचारलं होतंस म्हणून सांगितलं. ब्रेक लागतात.